घरातली जुनी तलवार ओळखायची कशी: पातं, मूठ आणि म्यान वेगवेगळं वाचा

वाड्याच्या माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यात किंवा लोखंडी ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवलेली एखादी तलवार आपल्याकडे बऱ्याच घरांत निघते. ती कुणाची, किती जुनी, कशाची आणि कुठे घडवलेली, हे घरात कुणालाच नेमकं सांगता येत नाही. मग कुणी म्हणतं पानिपतावरून आली, कुणी म्हणतं पेशव्यांनी दिली, आणि एखादा पाहुणा छातीठोकपणे सांगतो की हे पातं दमास्कसचं आहे. हे सगळं तपासता येतं. त्यासाठी अभ्यासक असावं लागत नाही. एक भिंग, एक टॉर्च, मोजपट्टी आणि धीर एवढं पुरेसं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. तलवार ही एका जागी, एका कारागिराने, एकाच वेळी केलेली वस्तू असेल असं धरून चालू नका. आपल्याकडे पातं मोलाचं मानलं जाई. मूठ सैल झाली, मोडली किंवा मालक बदलला की नवी मूठ बसे. म्यान तर दर पिढीला बदले. त्यामुळे ‘ही तलवार कुठली?’ हा एक प्रश्न नसून ते तीन प्रश्न आहेत: पातं कुठलं, मूठ कुठली, म्यान कुठलं. तिन्हींची उत्तरं वेगळी आली तर वस्तू खोटी आहे असं समजू नका. दख्खनमध्ये तोच रिवाज होता.

हात लावण्याआधी

साफसफाई करू नका. पितांबरी, लिंबू, चिंच, राख, सँडपेपर, बफिंग, यातलं काहीही नको. धार लावून आणणं तर अजिबात नको. गंजाच्या थराखाली सोन्याची बारीक तार, कारखान्याचा शिक्का किंवा ठिपक्यांनी कोरलेली ओळ असू शकते, आणि पॉलिशवाल्याच्या चाकाखाली ती पाच मिनिटांत नाहीशी होते. गेलेलं अक्षर पुन्हा आणता येत नाही.

पातं म्यानातून निघत नसेल तर जोर लावू नका. म्यान आतल्या बाजूने धारेने कापलं गेलेलं असतं, आणि ते बोटांसकट फाटू शकतं. म्यान धरताना बोटं धारेच्या बाजूला येऊ न देता दोन्ही सपाट बाजूंनी धरायचं. मूठ हलत असेल तर तलवार उगारून पाहू नका. भारतीय मुठीत पातं बहुधा राळ किंवा लाख ओतून बसवलेलं असतं. दोन-अडीचशे वर्षांनी ती राळ भुसभुशीत होते आणि फिरवताना पातं सुटून उडतं. त्याच कारणाने मूठ तापवायची नाही, उन्हात ठेवायची नाही.

खंडेनवमीला तलवारीची पूजा होत असेल तर ती जरूर करा, फक्त गंध, हळदकुंकू आणि ओली फुलं पात्यावर ठेवू नका. ओलावा आणि क्षार यांनी दरवर्षी त्याच जागी खड्डा पडत जातो. मी पाहिलेल्या एका पात्यावर खजिन्याच्या (मुठीलगतच्या बिनधारेच्या भागाच्या) जरा पुढे बोटाएवढे तीन खड्डे ओळीने होते. तिथे दरवर्षी तीन बोटांनी गंध ओढलं जात होतं. गंध म्यानाला किंवा खाली ठेवलेल्या पाटाला लावा. पूजेनंतर पातं कोरड्या सुती कापडाने पुसून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी पाहत जा.

पायरी १: फोटो आणि मापं

पांढऱ्या चादरीवर तलवार ठेवून दोन्ही बाजूंचे पूर्ण फोटो घ्या. मग मूठ चारही बाजूंनी, मुठीच्या माथ्यावरची गोल वाटी वरून, पात्याची पाठ, टोक, आणि जिथे खूण दिसते तिथे जवळून. प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवा. फ्लॅश बंद ठेवून टॉर्च बाजूने, जवळजवळ पात्याला समांतर धरा. समोरून प्रकाश टाकला की सगळं सपाट दिसतं. तिरप्या प्रकाशात मात्र पुसट झालेल्या अक्षरांच्याही कडा उठून येतात.

मापं घ्यायची ती अशी: पात्याची लांबी (मुठीच्या कडेपासून टोकापर्यंत सरळ रेषेत), मुठीजवळची रुंदी, एकूण वजन, आणि पाठीची जाडी तीन जागी. शेवटचं माप सर्वांत महत्त्वाचं. हातोड्याने घडवलेल्या जुन्या पात्याची पाठ मुठीजवळ साधारण ६ ते ८ मिलिमीटर असते आणि टोकाकडे ती २-३ मिलिमीटरपर्यंत उतरत जाते. पत्र्यातून कापलेल्या शोभेच्या तलवारीत ही जाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखीच राहते. वर्नियर कॅलिपर नसेल तर शाळेतल्या प्रयोगशाळेतून मागून आणा. या एका मापाने निम्मा गोंधळ मिटतो.

वजनाबद्दल आपल्याकडे फार अतिशयोक्ती चालते. प्रत्यक्ष लढाईची तलवार बहुधा एक किलोच्या आसपास असते, थोडी कमी किंवा थोडी जास्त. वीस किलोची तलवार कोणीही घोड्यावरून चालवत नव्हतं. लढवय्याचं कौतुक करायला वजन फुगवायची गरज नाही. एका किलोचं पोलाद दिवसभर अचूक फिरवणं हीच मोठी गोष्ट आहे.

पायरी २: पात्याचा आकार

पातं मुठीपाशी सुरू होतं तिथे इंच-दोन इंच धार नसलेला भाग असतो. त्याला खजिना म्हणतात. भारतात घडवलेल्या वक्र पात्यांवर तो बहुधा ठळक असतो, इराणी शमशेरीवर नसतो. म्हणून हा भाग पहिला बघा. टोकाकडे पातं रुंद होऊन दोन्ही बाजूंनी धार आली असेल तर त्या भागाला पिपळा म्हणतात.

आता वाक. पातं मुठीपासून बरंच अंतर सरळ जाऊन मग एकदम खोल वळत असेल, अरुंद असेल आणि पन्हळ (पात्याच्या लांबीत काढलेली खोलगट चर) नसेल, तर इराणी शमशेरीचा विचार करायचा. हलका, सलग वाक आणि मध्यम रुंदी हे भारतीय तलवारीचं नेहमीचं रूप. लांब, सरळ किंवा अगदी किंचित वाक असलेलं पातं मराठ्यांच्या धोप या तलवारीत दिसतं. सरळ, एक ते तीन पन्हळींचं, वाकवलं तर लवचीक वाटणारं पातं असेल तर ते युरोपातून आलेलं असण्याची शक्यता मोठी. (वाकवून बघू नका, हाताला अंदाज येतो तेवढा पुरे.) अशा पात्याला भारतीय मूठ बसवली की ती फिरंग. दांडपट्ट्याला कोपरापर्यंतचं लोखंडी हस्तत्राण असतं, त्यामुळे तो लगेच कळतो, आणि त्यातली बरीच पातीही युरोपी आहेत.

पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते ही समजूत सोडून द्या. ती पात्याचं वजन कमी करते आणि त्याला ताठपणा देते. तसंच पात्यावरचे लालसर डाग हे गंजाचे असतात.

मराठवाड्यापासून खानदेशापर्यंत अनेक घरांत आणखी एक पातं निघतं: टोकाकडे जास्त रुंद होत गेलेलं, चांगलं वक्र, एका रुंद पन्हळीचं, सुमारे ८३ सेंटिमीटर लांब. हे इंग्रजांच्या १७९६ च्या हलक्या घोडदळाच्या नमुन्याचं पातं असू शकतं. भारतात ती फार आवडली, आणि पलटणीतून बाद झाल्यावर त्यांना देशी मुठी बसल्या. अशा पात्याची पाठ मुठीजवळ भिंगाने नीट बघा. तिथे बारीक लॅटिन अक्षरांत ऑसबोर्न, गिल, वूली यांच्यासारखं बर्मिंगहॅमच्या कारखानदाराचं नाव किंवा ‘रंकेल, सोलिंगेन’ (सोलिंगेन हे जर्मनीतलं तलवारींचं शहर) असं सापडतं. ते सापडलं की पात्याचा काळ अठराव्या शतकाची अखेर ते एकोणिसाव्याची सुरुवात असा आवळता येतो, आणि पानिपताची गोष्ट त्या पात्यापुरती तरी मिटते, कारण पानिपत १७६१ चं.

पायरी ३: खुणा आणि अक्षरं

इथे घाई करू नका. एका संध्याकाळी पूर्ण पातं इंच-इंच करून बघा. मुठीजवळचा भाग, पाठ, पन्हळीच्या आतली बाजू, परजेची (बोटांपुढून वर जाणाऱ्या कमानीची) आतली बाजू आणि वाटीचा खालचा भाग, या पाच जागा चुकवायच्या नाहीत.

*युरोपी खुणा.* पापणीच्या केसांसारखे दात असलेल्या दोन कमानी समोरासमोर असतील तर ती मूळची इटलीतल्या जेनोव्हाकडची खूण. धावणारा लांडगा, चार-पाच रेघांत ओबडधोबड काढलेला, ही जर्मनीतल्या पासाऊची आणि पुढे सोलिंगेनची. कधी त्यात पितळ भरलेलं असतं. आपल्याकडे पात्यावरच्या पितळी टिकल्या म्हणजे मारलेल्या शत्रूंची मोजदाद असं सांगतात. तसं मानण्याआधी त्या टिकल्यांची रचना कारखान्याच्या खुणेशी जुळते का हे बघा. ‘आंद्रेआ फेरारा’, ‘साहागुम’, ‘टोलेडो’, ‘आय-एच-एस’ (येशूच्या नावाची खूण) ही अक्षरंही येतात.

पण नाव वाचलं म्हणजे मूळ कळलं असं होत नाही. फेरारा आणि साहागुन ही नामांकित कारागिरांची नावं. सोलिंगेनच्या कारखान्यांनी ती आपल्या पात्यांवर बेधडक ठोकली, स्पेलिंग चुकवून ठोकली. पापणीची खूण तर ऑस्ट्रियातल्या स्टायरियात, कॉकेशसमध्ये आणि भारतातही नकलली गेली. म्हणून अक्षरांची सफाई बघा. युरोपी कारखान्यात शिक्का एका फटक्यात खोल आणि सारखा उमटतो. लॅटिन लिपी न येणाऱ्या कारागिराने नक्कल केली असेल तर अक्षरं उलटी, मधेच तुटलेली किंवा एकाच छिन्नीने रेघारेघांनी जोडलेली दिसतात. ती नक्कलही दोनशे वर्षं जुनी असू शकते, तेव्हा तिला कमी लेखू नका.

*फारसी मजकूर.* सर्वांत जास्त दिसणारं नाव म्हणजे असदुल्लाह इस्फहानी. हा इराणच्या शाह अब्बासच्या काळाशी (१५८८ ते १६२९) जोडलेला पोलादकार. त्याच्या नावाची पाती पुढे दोन-अडीचशे वर्षं निघत राहिली, इराणमध्येही आणि भारतातही. त्यामुळे हे नाव सही म्हणून न घेता उत्तम मालाची छाप म्हणून घ्यावं. चार घरांचा छोटा चौकोन आणि त्यात २, ४, ६, ८ हे आकडे असतील तर तो ‘बदूह’ नावाचा रक्षायंत्राचा चौकोन आहे. ते साल नव्हे. छत्रीचा शिक्का असेल तर राजेशाही शस्त्रागाराशी संबंध असण्याचा संभव वाढतो.

*देवनागरी आणि मोडी.* मालकाचं नाव, देवाचं नाव, सिलेखान्याचा म्हणजे शस्त्रागाराचा क्रमांक. रेघेत कोरलेली अक्षरं कमी, ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली जास्त. याचं ठळक उदाहरण बिकानेरच्या शस्त्रागाराचं. महाराजा अनूपसिंह औरंगजेबाच्या बाजूने दख्खनमध्ये लढला, १६८९ मध्ये आजच्या आंध्र प्रदेशातला अदोनीचा किल्ला पडला, आणि तिथली शस्त्रं त्याने बिकानेरला नेली. त्या शस्त्रांवर ठिपक्यांच्या देवनागरीत अदोनीचा आणि संवत १७४६ चा उल्लेख सापडतो. आज जगभरच्या संग्रहांत दख्खनी शस्त्रांची कालनिश्चिती करताना या ओळी मोठा आधार आहेत. अशी ओळ तुमच्या वस्तूवर असेल तर त्यातलं एकही अक्षर अंदाजाने पूर्ण करू नका. दिसेल तेवढंच उतरवा, न दिसणाऱ्या अक्षराजागी फुली मारा.

साल सापडलं तर कोणतं हे ठरवावं लागेल. शके असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. दख्खनी फसलीला ५९० मिळवायचे, मराठी कागदांतल्या सुहूर सनाला ५९९ किंवा ६००, राज्याभिषेक शकाला १६७३. हिजरी वर्ष चांद्रमानाचं आणि लहान, म्हणून तिथे नुसती बेरीज चालत नाही. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. हिजरी ११०० म्हणजे १६८८-८९ येतं. वर्षादोन वर्षांचा फरक राहतो, तेवढा चालतो.

*इंग्रजी काळाच्या खुणा.* पात्यावर राणी व्हिक्टोरियाची व्ही-आर ही अक्षरं, सातव्या एडवर्डची किंवा पाचव्या जॉर्जची मुद्रा असेल तर काळ आपोआप कळतो. आय-एस-डी हा शिक्का इंडिया स्टोअर्स डिपार्टमेंटचा. विल्किन्सन कंपनीने १८५४ पासून आपल्या चांगल्या तलवारींच्या पाठीवर क्रमांक घालायला सुरुवात केली आणि त्याच्या नोंदवह्या ठेवल्या, त्यामुळे क्रमांकावरून साल आणि कधी कधी गिऱ्हाईकही मिळतं. ‘जर्मनी’ किंवा ‘इंडिया’ असा देशाचा ठळक शिक्का असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या आधी जाऊ नका. आयात मालावर देशाचं नाव घालण्याचे कायदे ब्रिटनमध्ये १८८७ ला आणि अमेरिकेत १८९० ला आले.

पायरी ४: पोलाद कोणतं

दख्खनचं मुशीतलं पोलाद ही आपल्या भूमीची जगाला दिलेली देणगी आहे आणि ते ओळखता आलं तर फार आनंद होतो. बंद मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे आणि वनस्पती घालून ती भट्टीत तापवत. दक्षिणेकडच्या जुन्या नोंदींत तरवडाची वाळलेली लाकडं आणि रुईची पानं यांचा उल्लेख आहे. त्यातून साधारण १ ते २ टक्के कर्ब असलेलं पोलाद वड्यांच्या रूपात निघे. आजच्या तेलंगणातलं निजामाबाद जिल्ह्यातलं कोनसमुद्रम हे त्याचं मोठं केंद्र. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे इराणी व्यापारी स्वतः येऊन माल निवडत असल्याचं भूगर्भशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसीने लिहून ठेवलं आहे. म्हणजे लोक ज्याला ‘दमास्कस’ म्हणतात त्या पात्यांतलं पुष्कळ पोलाद या बाजूचं होतं.

या पोलादाच्या पात्यावर जौहर दिसतो: वाहत्या पाण्यासारख्या, किंवा वाळूवर उमटलेल्या लहरींसारख्या फिकट आणि गडद बारीक रेघा. त्या लोखंडातल्या कार्बाइडच्या कणांच्या ओळी आहेत. त्या पात्याच्या पूर्ण जाडीत असतात, वरून काढलेल्या नसतात. त्यामुळे तपासायचं असं:

पात्याचा कमी गंजलेला भाग निवडा आणि दहा पट भिंगाने, तिरप्या प्रकाशात बघा. रेघा बारीक, अनियमित आणि मध्येच घड्या पडल्यासारख्या असतील, आणि कडेवरून पाठीकडे वळताना तुटत नसतील, तर मुशीतल्या पोलादाची शक्यता चांगली. रेघा जाड, चकचकीत, मोठ्या वेलबुट्टीसारख्या आणि सगळीकडे एकसारख्या असतील तर दोन प्रकारचे पोलादी थर एकमेकांवर ठोकून जोडलेले आहेत. असं काम पूर्वीही होत होतं, पण आज बाजारात ते खूप आहे. रेघा फक्त सपाट बाजूवर आहेत आणि पाठीवर काहीच नाही, तर आम्लाने वरवर नक्षी काढली असावी.

जौहर दिसला नाही म्हणजे नाहीच, असं मात्र नाही. वारंवार घासलेल्या पात्यावर तो झाकला जातो. पूर्वीचे सिकलगर (हत्यारं घासून उजळणारे कारागीर) हिराकसाच्या पाण्याने तो पुन्हा उठवत. हे घरी करू नका. आम्लाचं प्रमाण चुकलं तर पृष्ठभाग खडबडीत होतो. आणि पातं भट्टीत घालून ‘सरळ करून’ देणाऱ्याकडे तर कधीच नेऊ नका, कारण जास्त तापवलं की कार्बाइडच्या त्या ओळीच विरघळून जातात. घासून झाकलेला जौहर परत येतो, जळलेला येत नाही.

युरोपी पात्यावर जौहर नसतो. तिथे साधा, एकसारखा करडा पृष्ठभाग दिसतो आणि कधी लांबीच्या दिशेने काळ्या मळीच्या बारीक रेघा. मराठे स्वार अशी पाती आवडीने घेत. ती लवचीक होती आणि सहज तुटत नसत. मुशीतलं पोलाद दिसायला सुंदर आणि धारेला तिखट, पण ठिसूळपणाची तक्रार त्याच्याबद्दल असे.

लोहचुंबक, ठणठण आवाज, नाण्यावर घाव घालून बघणं, ग्राइंडरच्या ठिणग्या, या परीक्षांनी काही सिद्ध होत नाही आणि वस्तूचं नुकसान होतं. चुंबकाचा उपयोग मुठीसाठी आहे, तो आता सांगतो.

पायरी ५: मूठ

भारतीय तलवारीच्या मुठीचे भाग लक्षात घ्या: वरची गोल वाटी, तिच्यावरचा मोगरा, मधला फुगीर पकडीचा भाग, आडवा संरक्षक दांडा, आणि असेल तर बोटांपुढून वर गेलेली परज. पकड लहान वाटते म्हणून ‘पूर्वीची माणसं लहान होती’ असा निष्कर्ष काढतात. वाटी आणि आडवा दांडा यांच्यामध्ये हात घट्ट बसावा म्हणून ती लहान आहे. त्यामुळे घाव ओढून मारता येतो.

चुंबक लावा. चिकटला तर मूठ लोखंडी. चिकटला नाही तर पितळ, चांदी किंवा जस्ताचा मिश्रधातू. बिदरी काम जस्ताचं असतं, त्यात थोडं तांबं घालतात आणि बिदरच्या मातीने तो काळाभोर करून चांदी जडवतात. बिदरी मूठ काळी असूनही चुंबकाला चिकटत नाही, हीच तिची झटपट ओळख.

सोन्या-चांदीचं काम भिंगाखाली बघण्यासारखं असतं. कोफ्तगरीत लोखंडावर सुरीने एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात, त्यावर सोन्याची तार किंवा वर्ख ठोकून घोटतात. सोनं जिथे झिजून गेलं आहे तिथे जा, नक्षी शाबूत आहे तिथे नको. झिजलेल्या जागी कानशीसारखी जाळी उघडी पडलेली दिसेल. ती दिसली की काम हाताचं. तहनिशानमध्ये आधी खोबण कोरून त्यात धातू भरलेला असतो, त्यामुळे कडा स्पष्ट आणि सोनं जाड. साध्या मुलाम्यात झिजलेल्या जागी खाली गुळगुळीत धातू निघतो, जाळी नाही. सोनेरी रंग असेल तर नक्षीच्या खोल कोपऱ्यात तो साचलेला दिसतो.

हस्तिदंत वाटतं आहे? कापलेल्या टोकावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते का बघा. हाडावर काळे सूक्ष्म ठिपके असतात, प्लॅस्टिकला साच्याची शिवण असते. तापलेली सुई टोचून बघू नका. हस्तिदंत असेल तर विक्रीला वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, हेही ध्यानात ठेवा.

मुठीच्या घाटावरून प्रदेश सांगायला मात्र बरीच नजर लागते. बागलाणातल्या मुल्हेरच्या नावाची मुल्हेरी मूठ, उदयपुरी, दिल्लीशाही अशी नावं आहेत, पण कारागीर हिंडत आणि नमुनेही हिंडत. संग्रहालयांत जाऊन शे-दोनशे मुठी डोळ्यांखालून घाला, मगच बोला. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, नागपुरात अजब बंगला, कोल्हापुरात नवा राजवाडा, आणि जमलं तर हैदराबादचं सालारजंग. घरबसल्या बघायचं तर लंडनच्या वॉलेस कलेक्शनची आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची छायाचित्रं.

म्यानाबद्दल थोडक्यात: लाकडाच्या दोन फळ्या, वर चामडं किंवा मखमल. पातं त्यात नीट बसत नसेल तर म्यान दुसऱ्या तलवारीचं. तलवार कायमची म्यानात ठेवू नका, चामडं ओलावा धरतं.

एक उदाहरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावातून मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ती आपल्या पायऱ्यांनी वाचू. पातं सरळ, एकधारी, युरोपी घडणीचं. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याची कोफ्तगरी. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. म्हणजे पातं युरोपाचं, मूठ आपल्याकडची, आणि मालकाचं नाव किताबासह. सेनासाहेबसुभा हा किताब शाहू महाराजांनी रघूजींना दिला, त्यामुळे अक्षरं त्याआधीची असू शकत नाहीत. पातं किती जुनं हे या ओळीने कळत नाही, ते तिच्याआधी कितीही वर्षं दुसऱ्या हातात असू शकतं. एक ओळ एवढं सांगते आणि एवढंच सांगते. इतक्या मोठ्या तलवारीबद्दलही ही शिस्त पाळायची, तर घरच्या तलवारीबद्दल का सोडायची?

नवी वस्तू ओळखण्याच्या खुणा

स्टेनलेस स्टील शेफिल्डमध्ये १९१३ ला आलं, तेव्हा न गंजणारं पातं त्याआधीचं असू शकत नाही. क्रोमचा मुलामा साधारण १९२० नंतरचा. चौफुली खाचेचा स्क्रू १९३० नंतरचा. अॅल्युमिनियमची मूठ, वेल्डिंगचा मणी, मुठीतून येणारा एपॉक्सीचा चकाकता गर, पात्यावर आम्लाने उठवलेली शिकारीची चित्रं, आणि सर्व खोलगट भागांत सारखाच लाल गंज. आम्लात बुडवून आणलेला गंज नारिंगी आणि भुरभुरीत असतो. खरा जुना थर तपकिरी-काळा, घट्ट, आणि जिथे हात लागतो तिथे गुळगुळीत झिजलेला.

घरातली गोष्ट आणि कागद

आजी-आजोबांकडची हकीकत शब्दशः लिहून घ्या, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून. ती पुरावा नाही, पण शोध कुठे घ्यायचा ते तीच सांगते. मग कागद बघा: इनामाची सनद, वाटणीपत्र, आणि विशेषतः इंग्रजी काळातला शस्त्रपरवाना. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतरच्या परवान्यांत कधी कधी हत्याराचं वर्णन असतं. मोडी कागद वाचून घ्यायला पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पुराभिलेखागार ही नेहमीची ठिकाणं.

प्रयोगशाळेत काय मिळतं

हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने मुठीचा धातू चांगला कळतो: पितळेत जस्त किती, चांदी खरी का, बिदरी का. पात्यासाठी पैसे भरण्याआधी विचार करा, कारण हे यंत्र कर्ब मोजत नाही. ‘लोखंड ९९ टक्के’ असा कागद हाती येतो आणि मुशीतल्या पोलादाचा प्रश्न तसाच राहतो. कर्बाची ठिणगी-चाचणी पात्यावर जळका डाग सोडते. साध्या घरगुती तलवारीला भिंग आणि जाणकाराची नजर पुरते. वस्तू खरोखर महत्त्वाची वाटली तर मुंबईच्या संग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र किंवा लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा यांना फोटो आणि मापं पाठवून आधी विचारा.

कायद्याचं

शंभर वर्षांहून जुनी तलवार १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, पुरावस्तू विकण्याचा व्यवसाय करायला परवाना लागतो. नोंदणी लागते का ते पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारा. शस्त्रकायद्याच्या बाजूने पोलीस ठाण्यात माहिती घ्या, आणि मिरवणुकीत किंवा लग्नात उघडी तलवार नेऊ नका, मनाई आदेश असेल तर गुन्हा दाखल होतो. परदेशात राहणाऱ्यांनी वडिलोपार्जित तलवार सामानात टाकून नेण्याचा विचारही करू नये. ती शंभर वर्षांच्या आतली आहे अशी खात्री असेल तरी आधी पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्या. तो अर्ज करताना वर सांगितलेले फोटो आणि मापं सोबत जोडता येतील.